चूक, नियमभंग आणि लबाडी यांतला फरक आम्हाला कळू द्या : अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष श्री. कल्याण चौबे, कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि पंच समिती,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

११ जून २०२४ रोजी दोह्यात झालेल्या भारत-कतार सामन्याचे ७३ वे मिनिट मी आजवर इतक्या वेळा पाहिले आहे की त्यातला कोणता खेळाडू कुठे उभा होता, हे मला डोळे मिटून सांगता येईल. लालियानझुआला छांगटे याने ३७ व्या मिनिटाला केलेल्या गोलमुळे भारत पुढे होता. ती आघाडी टिकली असती, तर विश्वचषकाच्या आशियाई पात्रता स्पर्धेची तिसरी फेरी आपण पहिल्यांदाच गाठली असती. फ्री किकवर आलेल्या चेंडूला कतारच्या यूसुफ अयमनने डोके लावले, आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने तो अडवला आणि मग तो चेंडू घरंगळत गोलखांबाच्या बाहेरच्या बाजूने रेषेपलीकडे गेला. आपले खेळाडू क्षणभर थांबले, कारण चेंडू पूर्णपणे रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो, हे शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. कतारच्या अल हाश्मी अल हुसेनने तो बाहेरून पायाने मागे ओढला, अयमनने जाळ्यात ढकलला आणि दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला. भारत २-१ असा हरला, त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला हरवले आणि आपली वाट बंद झाली.

अध्यक्ष महोदय, आपण स्वतः गोलरक्षक म्हणून खेळलेले आहात. मागे गेलेला चेंडू बाहेर आहे की आत, हे गोलरक्षकाला पाठीनेही कळते. त्यामुळे त्या रात्री आपल्याला काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकतो. महासंघाने त्यानंतर फिफा, आशियाई महासंघ आणि सामन्याचे आयुक्त यांच्याकडे तक्रार केली, चौकशीची मागणी केली आणि झालेल्या अन्यायाची क्रीडात्मक भरपाई शक्य आहे का, हेही विचारले. त्याबद्दल मी आपला आभारी आहे. हे पत्र मात्र दोह्यापुरते नाही. परदेशी पंचाच्या चुकीबद्दल आपण जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न आपल्या देशातला प्रेक्षक आपल्याला अनेक वर्षे विचारतो आहे आणि त्याला उत्तर मिळत नाही, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातला आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जात असे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना सगळे शहर लोटते आणि ऑफसाइडवर पायऱ्यांवरचा भाजीवालासुद्धा पंचाशी हुज्जत घालतो. पुढे मी स्वतः जिल्हा पातळीवर पंच झालो आणि गुडघे थकेपर्यंत शिट्टी वाजवली. त्यामुळे पंचाची बाजू मला आतून माहीत आहे आणि या पत्रातला एकही शब्द पंचांविरुद्ध लिहिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मैदानावर पंचाकडून जे चुकते, ते तीन अगदी वेगवेगळ्या प्रकारचे असते आणि फुटबॉलचा कायदाही त्यांना वेगवेगळे वागवतो. दोह्यातली चूक पहिल्या प्रकारची. चेंडू बाहेर गेला होता की नव्हता, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. खेळाच्या नियमांतला पाचवा नियम सांगतो की खेळाशी संबंधित वस्तुस्थितीवर पंचाने दिलेला निर्णय अंतिम असतो. सहायक पंच शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या ओळीत उभा असतो, गोलसमोर सात-आठ जणांची गर्दी असते, मुख्य पंचाच्या डोळ्यांसमोर पाठी असतात, आणि पात्रता स्पर्धेच्या त्या फेरीत व्हिडिओ साहाय्याची, म्हणजे व्हीएआरची, सोय नव्हती. अशी चूक जगाने दहा कॅमेऱ्यांतून पाहिली तरी निकाल बदलत नाही. हे कटू आहे, पण ते समजून घेता येते.

दुसरा प्रकार नियमच चुकीचा लावण्याचा. सप्टेंबर २००५ मध्ये ताश्कंदला उझबेकिस्तान आणि बहरीन यांच्यात विश्वचषक पात्रतेचा सामना होता. उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला, पण त्यांचाच एक खेळाडू किक मारण्याआधी पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. नियमानुसार किक पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी पंच तोशिमित्सु योशिदा यांनी त्याऐवजी बहरीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. पंचाने काय पाहिले, याबद्दल इथे कोणाचाच वाद नव्हता. पाहिलेल्याला कोणता नियम लागू होतो, तेच चुकले होते. फिफाने निकाल रद्द करून सामना पुन्हा खेळवला. उझबेकिस्तानने मूळ सामना १-० असा जिंकला होता आणि तक्रारही त्यांचीच होती. फेरसामना १-१ असा सुटला, परतीच्या सामन्यात गोल झाला नाही आणि ज्यांच्यावर अन्याय झाला तेच, बरोबरी झाल्यास परक्या मैदानावरचा गोल अधिक मोलाचा धरण्याच्या नियमाने, बाहेर पडले. एवढी किंमत मोजूनही नियमाचा मान राखला गेला, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते.

तिसरा प्रकार लबाडीचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोलोक्वाने येथे झालेल्या दक्षिण आफ्रिका-सेनेगल सामन्यात घानाचे पंच जोसेफ लॅम्प्टे यांनी सेनेगलच्या कालिदू कुलिबालीच्या गुडघ्याला लागलेल्या चेंडूसाठी हँडबॉलची पेनल्टी दिली. दक्षिण आफ्रिका तो सामना २-१ असा जिंकली. चौकशीअंती फिफाने सामन्याच्या निकालात ढवळाढवळ केल्याबद्दल लॅम्प्टे यांच्यावर आजन्म बंदी घातली आणि वर्षभराने सामना पुन्हा झाला. तो सेनेगलने जिंकला आणि त्यांनी विश्वचषकाचे तिकीट मिळवले.

आता महासंघाने प्रेक्षकाच्या जागी बसून पाहावे. दूरचित्रवाणीवर हे तिन्ही प्रकार हुबेहूब सारखेच दिसतात. ताश्कंदला, पोलोक्वानेला आणि दोह्यातही पंचाने शिट्टी वाजवली, हात दाखवला आणि खेळ पुढे चालू झाला. पंचाला दिसले नाही, पंचाला नियम ठाऊक नव्हता की पंच विकला गेला, हे ठरवण्याचे साधन प्रेक्षकापाशी नसते. ते साधन पंचाच्या अहवालात, आयुक्तांच्या नोंदीत आणि पंचांच्या आपापसातील ध्वनिमुद्रित संभाषणात असते आणि हे सगळे आपल्या कपाटात बंद राहते. आपण काहीच सांगत नाही, तेव्हा प्रेक्षक आपल्या मनाने निवाडा करतो. प्रामाणिक पंचाचे दुर्दैव असे की मनाने केलेला निवाडा बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकाराचाच असतो.

२० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर मुंबई सिटी आणि मोहन बागान यांचा इंडियन सुपर लीगमधला सामना मी पायऱ्यांवरून पाहिला. मुंबईने तो २-१ असा जिंकला, पण त्या रात्रीची आठवण निघते ती सात लाल कार्डांमुळे. चार मुंबईच्या, तीन कोलकात्याच्या खेळाडूंना, आणि त्यांतली काही तर शेवटच्या शिट्टीनंतर. माझ्यामागे बसलेले गृहस्थ पहिल्या कार्डाला पंचाला आंधळा म्हणाले, तिसऱ्याला मूर्ख म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी ‘विकला गेलाय’ एवढा एकच शब्दप्रयोग धरून ठेवला. मुंबईचा संघ जिंकत असतानाही त्यांचे मत बदलले नाही. मला त्यांतली काही कार्डे योग्य वाटली होती, काही नव्हती. पण मी त्यांना काय समजावणार होतो? माझ्यापाशीही अंदाजच होता. त्या सामन्यातल्या प्रत्येक कार्डाचे कारण दोन दिवसांत महासंघाच्या संकेतस्थळावर एकेका वाक्यात जरी आले असते, तरी त्या गृहस्थांच्या तोंडचा तो शब्द निदान दुसऱ्या दिवशी टिकला नसता.

याहून गंभीर प्रसंग त्याच वर्षी आधी घडून गेला होता. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर बंगळूर आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यातला बाद फेरीचा सामना अतिरिक्त वेळेत गेला. फ्री किक मिळाली, केरळचे खेळाडू भिंत लावण्याच्या तयारीत होते आणि सुनील छेत्रीने चेंडू मोकळ्या गोलमध्ये टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल मान्य केला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर बोलावला, तो परत आलाच नाही आणि सामना बंगळूरला बहाल झाला. महिनाअखेरीस आपल्या शिस्तपालन समितीने केरळला चार कोटी रुपये दंड केला, जाहीर माफी न मागितल्यास सहा कोटी असे बजावले आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

संघ मैदान सोडून जातो, तेव्हा तो हजारो प्रेक्षकांचा आणि प्रतिस्पर्ध्याचाही अपमान करतो. त्यामुळे शिक्षा व्हायलाच हवी होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कोलकात्याच्या डर्बीत, म्हणजे मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात, मोहन बागानच्या ओडाफा ओकोलीला लाल कार्ड मिळाले, प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने रहीम नबी जखमी झाला आणि मोहन बागानचा संघ मध्यंतरानंतर मैदानात उतरला नाही. त्या वेळी दोन वर्षांची बंदी आधी घालून नंतर ती दोन कोटींच्या दंडावर आणली गेली. ती शिथिलता मला तेव्हाही पटली नव्हती. पण बंगळूरच्या प्रकरणात मूळ प्रश्न तसाच राहून गेला. फ्री किक झटपट घेण्याचा हक्क आक्रमण करणाऱ्या संघाला असतो. मात्र पंचाने भिंतीचे अंतर मोजायला सुरुवात केली असेल किंवा थांबण्याचा इशारा दिला असेल, तर पुढच्या शिट्टीखेरीज किक घेता येत नाही. पंचाने तसा इशारा दिला होता का? छेत्रीने विचारले होते का आणि पंचाने काय उत्तर दिले होते? इशारा दिलेला नसेल, तर गोल शंभर टक्के वैध होता आणि केरळचा राग नियमाच्या अज्ञानातून आलेला होता. दिलेला असेल, तर ती ताश्कंदच्या जातीची चूक होती, म्हणजे नियमाचीच चूक. एवढा मोठा फरक पंचाच्या तोंडच्या दोन वाक्यांवर अवलंबून होता आणि ती दोन वाक्ये आम्हाला कधीच ऐकवली गेली नाहीत. दंडाचा आकडा मात्र सगळ्या देशाला पाठ झाला.

पंच गप्प राहिला की त्याचे काय होते, हे मी भोगलेले आहे. एका तालुक्याच्या गावी झालेल्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पावसाने रेषा धुऊन गेल्या होत्या. चेंडू आडव्या खांबाला लागून खाली पडला आणि मी गोल दिला. सामना संपल्यावर माझ्याच सहायकाने सांगितले की चेंडू पूर्ण आत गेला नव्हता. मी चुकलो होतो. दुसऱ्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून तसे सांगून हरलेल्या संघाची माफी मागायची माझी तयारी होती. आयोजकांनी हात जोडून मला थांबवले. पंचाने चूक कबूल केली तर पुढच्या सामन्यात कोणी ऐकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी ऐकले. त्यानंतर दोन वर्षे त्या गावातून जाताना, मी विजेत्या संघाकडून मोटारसायकल घेतली, अशी कुजबुज माझ्या कानावर येत असे. माझ्याकडे तेव्हा सायकल होती. माझी खरी चूक चार माणसांना कळली असती तर ती आठवडाभरात विसरली गेली असती. ती लपवली, म्हणून माझ्या वाट्याला न केलेले पाप आले. आज राष्ट्रीय पातळीवर शिट्टी वाजवणाऱ्या मुलांचे काय होत असेल, हे मला त्यामुळे समजते. त्यांची चूक गावात नव्हे, लाखो मोबाइलवर फिरते.

आपल्याकडे पंचांच्या चुका झाकण्याची जितकी काळजी घेतली जाते, तितकी लबाडी शोधण्याची घेतली जात नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. २००४ मध्ये गोव्यात दुसऱ्या विभागातून वर जाण्यासाठी दोन संघांची गोलफरकावर चुरस होती आणि शेवटच्या दिवशी निकाल लागले ५५-१ आणि ६१-१. गोवा फुटबॉल संघटनेने चारही क्लबांना वर्षभर निलंबित केले, ते योग्यच झाले. पण दीड-दीड मिनिटाला गोल होत असताना त्या दोन मैदानांवरही पंच होते, सहायक होते. त्यांच्यापाशी सामना थांबवण्याचे, निदान त्याच क्षणी कोणाला तरी कळवण्याचे साधन काय होते, हा प्रश्न मला अजून सतावतो. वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, दिल्लीच्या लीगमधील एका सामन्याची चित्रफीत देशभर फिरली. त्यात खेळाडू स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू निवांतपणे मारताना दिसत होते. तो प्रकार उघडकीस आणला तो चित्रफीत पसरवणाऱ्या सामान्य माणसांनी.

सट्टेबाजीचा पैसा कुठवर पोहोचू शकतो, हे तुर्कस्तानात दिसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या महासंघाच्या अध्यक्षांनी स्वतः जाहीर केले की व्यावसायिक लीगमधील ५७१ पंचांपैकी ३७१ जणांची बेटिंगची खाती आहेत आणि १५२ जण प्रत्यक्ष पैसे लावतात. त्यानंतर १४९ पंच निलंबित झाले. दोनच वर्षांपूर्वी त्याच देशात एका क्लबच्या अध्यक्षाने भर मैदानात पंच हलील उमुत मेलर यांना ठोसा मारून खाली पाडले होते. मेलर यांना झालेली मारहाण जितकी निंद्य होती, तितकेच हे आकडे धक्कादायक आहेत, आणि तरीही तिथल्या महासंघाने ते आकडे स्वतःहून जगापुढे ठेवले, ही गोष्ट मला आपल्या नजरेस आणून द्यायची आहे. जर्मनीत २००५ मध्ये पंच रॉबर्ट हॉयझर सट्टेबाजांशी संगनमत करून सामने फिरवत असल्याचे उघड झाले, ते त्याच्याच सहकारी पंचांनी वर कळवल्यामुळे. आपल्याकडच्या एखाद्या तरुण सहायक पंचाला मुख्य पंचाविषयी शंका आली, तर त्याने कोणाला फोन करायचा? त्याची पुढची नेमणूक ज्यांच्या हातात आहे त्यांनाच? तो करणार नाही, हे आपणही जाणता.

नेमणुकांचा विषय निघालाच आहे, तर इटलीची आठवण द्यावीशी वाटते. तिथे २००६ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात दूरध्वनी संभाषणांतून बाहेर आले ते असे की युव्हेंटस क्लबचे व्यवस्थापक लुचानो मोज्जी पंचांच्या नेमणुका करणाऱ्यांशी थेट बोलत होते. युव्हेंटसची दोन विजेतेपदे गेली, क्लब दुसऱ्या विभागात ढकलला गेला. मैदानावरच्या शिट्टीपेक्षा ती शिट्टी कोणाच्या हातात द्यायची हे ठरवणारी खोली अधिक महत्त्वाची असते, हे तेव्हा साऱ्या जगाला समजले. आपल्या पंच समितीने कोणत्या सामन्याला कोणता पंच का दिला, त्याचे मागील सामन्यांतले गुणांकन काय होते, निरीक्षकाने काय शेरा मारला, यातले काहीही क्लबांना किंवा प्रेक्षकांना कळत नाही. हे गुणांकन हंगामाअखेरीस तरी प्रसिद्ध व्हावे, अशी माझी विनंती आहे.

खुलासा केल्याने पंचाचा दरारा जातो, ही भीती माझ्या गावच्या आयोजकांना होती, तशीच ती आपल्यालाही असावी. इंग्लंडने ती बाजूला ठेवली आणि आभाळ कोसळले नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात लुईस दियासचा वैध गोल ऑफसाइड ठरवून नाकारला गेला. व्हिडिओ कक्षातल्या पंचांनी गोल बरोबर आहे असेच पाहिले होते, पण मैदानावर गोल दिलेलाच आहे असा त्यांचा समज झाला, म्हणून ‘तपासणी पूर्ण’ एवढेच ते म्हणाले आणि खेळ सुरू झाला. तीन दिवसांनी ते संपूर्ण संभाषण जाहीर करण्यात आले. चूक लक्षात आल्यावर त्या कक्षात उडालेला गोंधळ आणि पंचांच्या आवाजातला थरकाप सगळ्यांनी ऐकला. लिव्हरपूलला गुण परत मिळाले नाहीत, चाहत्यांचा राग गेला नाही, पण ते पंच विकले गेले होते असे म्हणणाऱ्याचे तोंड त्या ध्वनिमुद्रणाने बंद केले. आपल्या लीगमधल्या पंचांचे संभाषण असेच प्रत्येक वादग्रस्त निर्णयानंतर बहात्तर तासांत जाहीर करता येईल. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत.

पैशांचा मुद्दा व्हीएआरला लागू होतो, हे मला मान्य आहे. बंगळूरच्या प्रकारानंतर आपण त्याच्या स्वस्त आवृत्तीविषयी बोलला होता आणि आम्ही आशेने वाट पाहिली. त्यानंतरचे हंगाम त्याविनाच गेले. पण आता त्याहून साधी व्यवस्था उपलब्ध आहे. फिफाने २०२४ च्या कोलंबियातील वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात वापरलेल्या फुटबॉल व्हिडिओ सपोर्टमध्ये वेगळे व्हिडिओ पंच लागत नाहीत. प्रत्येक प्रशिक्षकाला दोनदा पुनर्विलोकन मागता येते, मागणी बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते आणि मैदानावरचा पंच स्वतः पडद्यावर पाहून ठरवतो. क्रिकेटच्या डीआरएसवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायचीही गरज पडणार नाही. अशी सोय त्या रात्री दोह्यात असती, तर भारताच्या बाकावरून एक हात वर झाला असता आणि प्रश्न मिटला असता. आशियाई महासंघाकडे या व्यवस्थेचा आग्रह धरताना, ती आपण आपल्या लीगमध्ये आधी आणली आहे असे सांगता आले, तर आपल्या शब्दाला वजन येईल.

खेळाडूंविषयीही लिहिले पाहिजे, कारण सगळा भार पंचावर टाकणे अन्यायाचे होईल. पेनल्टी क्षेत्रात कोणी स्पर्श न करता कोसळणे, कॉर्नरच्या वेळी जर्सी धरून ठेवणे, आघाडी मिळाली की पोटरी धरून लोळणे हे आपल्याकडच्या सोळा वर्षांच्या मुलांनाही शिकवले जाते. मी स्वतः बाजूरेषेवर उभ्या प्रशिक्षकांना ‘पड, पड’ असे ओरडताना ऐकले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये लाझिओकडून खेळताना मिरोस्लाव्ह क्लोझेने नापोलीविरुद्ध गोल केला आणि पंचाजवळ जाऊन तो हाताने झाल्याचे सांगितले. पंचाने गोल रद्द केला, लाझिओ सामना ३-० ने हरला आणि नापोलीच्या खेळाडूंनी क्लोझेचे हात हातात घेतले. दोह्यात चेंडू बाहेरून ओढणाऱ्या कतारच्या खेळाडूला तो बाहेर गेल्याचे माहीत असणारच, असे माझे मत आहे. त्याने तसे सांगितले असते तर कतारचे काहीच बिघडत नव्हते, कारण त्यांचा पुढच्या फेरीतला प्रवेश आधीच निश्चित झाला होता. महासंघाने युवा स्पर्धांमध्ये खोटे पडण्याबद्दल सामन्यानंतरही चित्रफीत पाहून कारवाई सुरू करावी. खेळाडू एकविसाव्या वर्षी लीगमध्ये येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि ज्या पंचांकडून आपण हे सगळे मागतो, त्यांना आपण काय देतो? जिल्हा आणि राज्य पातळीवरचा पंच आजही नोकरी सांभाळून, रजा टाकून, रात्रीच्या एसटीने प्रवास करून सकाळी मैदानावर उभा राहतो. मानधन हातात पडायला महिने जातात. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी अशाच व्यवस्थेतून वर येऊन २०१६ मध्ये जॉर्डनमधील सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात पंचगिरी केली. गुणवत्ता आपल्याकडे आहे, हे त्यांच्यासारख्यांनी दाखवले आहे. महासंघाने मुख्य पंच अधिकारी म्हणून इंग्लंडचे माजी पंच ट्रेव्हर केटल यांना आणले, हेही पाऊल मला योग्य वाटले. पण वरच्या पंचवीस-तीस पंचांना पूर्णवेळ वेतन मिळाले, त्यांचा विमा उतरवला गेला, मैदानाबाहेर पडताना त्यांना पोलिसांचे संरक्षण मिळाले आणि चुकीनंतर त्यांच्या बाजूने बोलणारा महासंघाचा अधिकृत आवाज असला, तरच त्यांच्याकडून निर्भय निर्णयांची अपेक्षा करता येईल. आज चुकीनंतर पंच गुपचूप दोन सामने बाजूला बसवला जातो. त्याला शिक्षा झाली की विश्रांती मिळाली, हे त्यालाही सांगितले जात नाही.

माझ्या मागण्या आपल्याला एका बैठकीत मान्य करता येणार नाहीत, हे मी जाणतो. त्यामुळे आज एकच मागतो आणि ती गोष्ट आपल्या हातात आहे. दोह्याच्या सामन्यानंतर महासंघाने फिफाला आणि आशियाई महासंघाला जी पत्रे पाठवली, त्यांना काय उत्तर आले, हे माझ्यासारख्या प्रेक्षकाला कळले नाही. ती पत्रे आणि त्यांची उत्तरे, ती कितीही कोरडी असली तरी, जशीच्या तशी संकेतस्थळावर ठेवा. उत्तर आलेच नसेल, तर तसे लिहा. आणि त्यांच्या शेजारी ३ मार्च २०२३ चा बंगळूरच्या सामन्यातील पंचाचा अहवालही ठेवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जिल्हास्तरीय फुटबॉल पंच